इंग्रजी पार्टिसिपल उपवाक्ये: उभयान्वयी अव्यय केव्हा ठेवावे, केव्हा गाळावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजीत अर्ज, निबंध किंवा अहवाल लिहायला बसतो, तेव्हा त्याची वाक्ये बहुधा शुद्ध असतात, पण तुटक असतात. ‘आय वेंट टू द बँक. आय फिल्ड इन द फॉर्म. आय सबमिटेड इट. आय केम होम.’ यातले एकही वाक्य चुकलेले नाही, तरी वाचणाऱ्याला दर चार शब्दांनी थांबावे लागते. हाच मजकूर तो विद्यार्थी मराठीत ‘बँकेत जाऊन, अर्ज भरून, तो देऊन घरी आलो’ असा एका दमात सांगतो. इंग्रजीत हे जोडकाम पार्टिसिपल उपवाक्य करते. मात्र मराठी ‘ऊन’ म्हणजे इंग्रजी ‘इंग’ असा सरळ हिशेब मांडला की चुका होऊ लागतात. या चुका ठरावीक जागीच होतात, त्यामुळे त्या जागा ओळखता आल्या की त्या टाळणे अवघड नाही.

ज्या उपवाक्यात क्रियापदाचे रूप असते, पण त्या रूपाला स्वतःचा काळ नसतो आणि बहुतेक वेळा स्वतःचा कर्ताही नसतो, त्याला पार्टिसिपल उपवाक्य म्हणतात. ‘व्हेन आय वॉज वॉकिंग थ्रू खडेबाजार, आय मेट माय टीचर’ या वाक्यातले ‘आय वॉज’ काढून टाकले, तर ‘व्हेन वॉकिंग थ्रू खडेबाजार, आय मेट माय टीचर’ असे वाक्य उरते. त्यातले ‘व्हेन’ही काढले, तर ‘वॉकिंग थ्रू खडेबाजार, आय मेट माय टीचर’ एवढेच राहते. तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात पूर्ण गौण वाक्य आहे, दुसऱ्यात उभयान्वयी अव्ययासह पार्टिसिपल उपवाक्य आहे आणि तिसऱ्यात अव्ययाशिवाय. दुसऱ्या आणि तिसऱ्या रचनेतून निवड कशी करावी, हा या लेखाचा मुख्य विषय आहे. पण त्याआधी कर्त्याचा प्रश्न सोडवावा लागतो, कारण कर्ता चुकला तर अव्यय ठेवून किंवा गाळून वाक्य सुधारत नाही.

सीमाभागातल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. मराठीतल्या ‘करून’, ‘करत’, ‘न करता’ या रूपांशी कानडीतली ‘माडि’, ‘माडुत्ता’, ‘माडदे’ ही रूपे जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात आणि आपल्याकडे ती दोन्ही भाषांत रोज कानावर पडतात. काळ नसलेले क्रियापद पुढच्या क्रियापदाला टेकवून वाक्य लांबवण्याची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. अडचण आहे ती या दोन्ही भाषा कर्त्याच्या बाबतीत जी मोकळीक देतात त्यात, कारण इंग्रजी ती मोकळीक देत नाही.

कर्ता आधी ठरवावा

इंग्रजीचा नियम असा आहे की, पार्टिसिपल उपवाक्यात कर्ता लिहिलेला नसेल, तर मुख्य वाक्याचा व्याकरणातला कर्ता तोच उपवाक्याचाही कर्ता मानला जातो. ‘व्याकरणातला’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अर्थाने क्रिया कोणी केली हे वाचकाला कळत असले, तरी तेवढ्याने भागत नाही. स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो, त्याच्याच नावावर ती क्रिया जमा होते. म्हणून वाक्य लिहून झाल्यावर उपवाक्यातल्या क्रियेला ‘कोण?’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तर मुख्य वाक्याच्या कर्त्याशी ताडून पाहावे. ही कसोटी साधी आहे, पण ती प्रत्येक वाक्याला लावण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

मराठी लिहिणाऱ्याची पहिली चूक होते ती ‘मला’च्या वाक्यात. ‘बाजारातून जाताना मला मामा भेटले’ हे मराठीत निर्दोष आहे. जाणारा मी आहे, पण ‘भेटले’ या क्रियापदाचा कर्ता मामा आहेत, आणि तरीही वाक्य कोणालाही खटकत नाही. कानडीत ‘मनेगे होगुवाग ननगे मामा सिक्करु’, म्हणजे घरी जाताना मला मामा भेटले, असे म्हणतानाही हेच घडते. आता हीच रचना जशीच्या तशी इंग्रजीत नेली, तर ‘गोइंग थ्रू द मार्केट, माय अंकल मेट मी’ असे वाक्य तयार होते. इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने या वाक्यात बाजारातून मामा जात आहेत. बरोबर वाक्य ‘गोइंग थ्रू द मार्केट, आय मेट माय अंकल’ असे आहे. ताप येणे, आठवण होणे, भूक लागणे, राग येणे, कल्पना सुचणे, नोकरी मिळणे या सगळ्या अनुभवांत मराठी भाषा माणसाला ‘मला’ करते आणि वस्तूला कर्ता. इंग्रजीत मात्र ‘आय’ हाच कर्ता ठेवावा लागतो. ‘पदवी घेतल्यावर मला नोकरी मिळाली’ हे सांगताना ‘आफ्टर टेकिंग माय डिग्री, अ जॉब केम टू मी’ असे लिहिले, तर पदवी नोकरीने घेतली असा अर्थ होतो. ‘आफ्टर टेकिंग माय डिग्री, आय गॉट अ जॉब’ असे लिहिले की वाक्य सरळ होते. सीमाभागातल्या विद्यार्थ्याच्या दोन्ही भाषा त्याला याच ठिकाणी चुकीच्या वाटेने नेतात, म्हणून या चुकीवर मी सर्वाधिक भर देतो.

दुसरी चूक कारण सांगणाऱ्या ‘ऊन’ची आहे. ‘पाऊस पडून रस्ते खराब झाले’ या वाक्यात पडणारा पाऊस आणि खराब होणारे रस्ते असे दोन वेगळे कर्ते आहेत, आणि ते मराठीला चालतात. कानडीतही ‘मळे बंदु बेळे हाळायितु’, म्हणजे पाऊस येऊन पीक वाया गेले, असे सहज म्हणतात. इंग्रजीत ‘रेनिंग हेविली, द रोड्स वेअर डॅमेज्ड’ हे चालत नाही. येथे पार्टिसिपलचा हट्ट सोडून ‘द रोड्स वेअर डॅमेज्ड बिकॉज इट रेन्ड हेविली’ असे पूर्ण वाक्य करावे, किंवा पावसालाच कर्ता करून ‘हेवी रेन डॅमेज्ड द रोड्स’ असे आटोपशीर लिहावे. ‘लग्न होऊन पाच वर्षे झाली’ किंवा ‘इथे येऊन दहा वर्षे झाली’ ही वाक्येही याच जातीची आहेत. त्यांच्या इंग्रजीत ‘ऊन’चा मागमूसही उरत नाही: ‘वी हॅव बीन मॅरीड फॉर फाइव्ह इयर्स’, ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’.

तिसरी चूक सरकारी मराठीतून येते. ‘अर्ज तपासून तो मंजूर करण्यात आला’ या वाक्यात तपासणारा आणि मंजूर करणारा अधिकारी कोठेच नाही, तरी कार्यालयीन मराठीला ते खटकत नाही. ‘चेकिंग द ॲप्लिकेशन, इट वॉज सँक्शन्ड’ या इंग्रजी वाक्यात मात्र ‘इट’ म्हणजे अर्ज हाच तपासणारा ठरतो. येथे दोन मार्ग आहेत. अधिकारी कर्ता म्हणून आणायचा असेल, तर ‘हॅविंग चेक्ड द ॲप्लिकेशन, द तहसीलदार सँक्शन्ड इट’ असे लिहावे. अर्जालाच कर्ता ठेवायचे असेल, तर उपवाक्यही कर्मणी करून ‘आफ्टर बीइंग चेक्ड, द ॲप्लिकेशन वॉज सँक्शन्ड’ असे लिहावे. प्रयोगशाळेचे अहवाल आणि महाविद्यालयीन प्रकल्प यांत ‘यूझिंग धिस मेथड, द रिझल्ट्स वेअर ऑब्टेन्ड’ अशा रचना इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही सर्रास करतात आणि काही जाणकार त्या खपवूनही घेतात. पण ‘यूझिंग धिस मेथड, वी ऑब्टेन्ड द रिझल्ट्स’ असे लिहिल्याने काहीच बिघडत नाही, तेव्हा विद्यार्थ्याने शंकेला जागाच ठेवू नये.

चौथी चूक ‘बीइंग’ची आहे आणि ती आपल्याकडच्या अर्जांत फार दिसते. ‘बीइंग अ संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड’ या वाक्यात कार्यालयच रविवार ठरते. हे वाक्य ‘इट बीइंग अ संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड’ असे दुरुस्त होते. ते शुद्ध आहे, पण जुन्या वळणाचे आहे. रोजच्या लेखनात ‘ॲज इट वॉज अ संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड’ अधिक स्वाभाविक वाटते. ‘बीइंग’ नेहमीच चुकीचे असते असे मात्र नाही. ‘बीइंग अ टीचर, शी अंडरस्टुड द प्रॉब्लेम’ हे निर्दोष आहे, कारण शिक्षिका आणि समजणारी व्यक्ती एकच आहे.

काही ठरीव शब्दसमूह या नियमाबाहेर आहेत. ‘जनरली स्पीकिंग’, ‘जजिंग फ्रॉम’, ‘कन्सिडरिंग’, ‘गिव्हन’, ‘प्रोव्हायडेड’ यांना कोणी ‘कोण?’ असे विचारत नाही, कारण वापरून वापरून ते अव्ययासारखे झाले आहेत. ‘जजिंग फ्रॉम द क्लाउड्स, इट विल रेन’ हे वाक्य म्हणूनच चालते.

तीन रूपांतून निवड

कर्ता जुळला की रूप निवडावे. तो कर्ता उपवाक्यातली क्रिया स्वतः करत असेल, तर ‘इंग’चे रूप वापरावे. ‘ड्रॉपिंग अबाउट 52 मीटर्स, द घटप्रभा फॉर्म्स द गोकाक फॉल्स’ या वाक्यात उडी घेणारी नदीच आहे. क्रिया कर्त्यावर घडत असेल, तर क्रियापदाचे तिसरे रूप (‘बिल्ड, बिल्ट, बिल्ट’ यांतले शेवटचे) वापरावे. ‘बिल्ट इन 1204, द कमल बस्ती स्टँड्स इनसाइड द बेळगाव फोर्ट’ या वाक्यात बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बांधलेली आहे, ती स्वतः काही बांधत नाही. येथे ‘बिल्डिंग इन 1204’ लिहिणे म्हणजे अर्थच उलटा करणे होय. ‘कॅप्चर्ड इन डिसेंबर 1824, राणी चन्नम्मा वॉज इम्प्रिझन्ड इन बैलहोंगल फोर्ट’ हे वाक्यही असेच आहे. मराठीत जेथे ‘बांधलेली’, ‘पकडलेली’, ‘लिहिलेले’ असे ‘लेला’चे कर्मणी रूप सुचते, तेथे बहुधा हे तिसरे रूप बसते.

‘हॅविंग’ लावावे ते पहिली क्रिया पूर्ण झाल्यावरच दुसरी सुरू झाली, हे स्पष्ट करायचे असेल तेव्हा. लागोपाठ घडणाऱ्या दोन छोट्या क्रियांना त्याची गरज नसते. ‘ओपनिंग द डोअर, ही वॉक्ड इन’ एवढे पुरते. पण पहिली क्रिया लांबणारी असेल किंवा दोन क्रियांमध्ये काळ गेला असेल, तर साधे ‘इंग’ वाचकाला फसवते. ‘स्टडिइंग इन धारवाड, शी ओपन्ड अ क्लिनिक इन निपाणी’ असे लिहिले, तर ती धारवाडला शिकत असतानाच निपाणीत दवाखाना उघडते. ‘हॅविंग स्टडीड इन धारवाड, शी ओपन्ड अ क्लिनिक इन निपाणी’ असे लिहिल्यावर क्रम नीट लागतो. मराठी ‘शिकून’ या एका रूपात हा क्रम आपोआप येतो, म्हणून ‘हॅविंग’ची उणीव मराठी लेखकाला जाणवत नाही, ती वाचकाला जाणवते. क्रिया आधीची असून कर्मणीही असेल, तर ‘हॅविंग बीन’ येते. ‘हॅविंग बीन रिलीज्ड फ्रॉम प्रिझन इन फेब्रुवारी 1924, गांधी प्रिसायडेड ओव्हर द बेळगाव काँग्रेस इन डिसेंबर’ या वाक्यात सुटका आणि अधिवेशन यांच्यातले महिने ‘हॅविंग बीन’ने नीट सांभाळले आहेत.

नकारासाठी ‘नॉट’ नेहमी पार्टिसिपलच्या आधी येते: ‘नॉट नोइंग द रोड’, ‘नॉट हॅविंग रिसीव्ह्ड अ रिप्लाय’. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘आय ॲम नोइंग’ हे जरी चुकीचे असले, तरी ‘नोइंग कन्नड वेल, शी एक्सप्लेन्ड द नोटीस टू अस’ हे बरोबर आहे. ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘वाँट’, ‘हॅव’ यांसारखी स्थितिवाचक क्रियापदे पार्टिसिपल उपवाक्यात ‘इंग’ घेऊ शकतात आणि तेथे ती बहुधा कारण सांगतात.

अव्यय ठेवावे की गाळावे

अव्यय नसलेले उपवाक्य दोन क्रियांचे नाते वाचकावर सोपवते. ती एकाच वेळी घडली, एकामागून एक घडली, की एकीमुळे दुसरी घडली, हे वाचक संदर्भावरून ठरवतो. संदर्भ पुरेसा असेल तेथे ही रचना भारदस्त आणि वेगवान होते. संदर्भ पुरेसा नसेल तेथे वाचक अडखळतो, आणि अशा ठिकाणी अव्यय ठेवलेच पाहिजे. माझ्या मते हा एकच निकष बाकीच्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त उपयोगी आहे: अव्यय काढल्यावर वाक्याचा एकच अर्थ निघतो की दोन, हे पाहावे.

‘लिव्हिंग इन बेळगाव फॉर ट्वेंटी इयर्स, ही नेव्हर लर्न्ड कन्नड’ हे वाक्य घ्यावे. वाचक क्षणभर गोंधळतो, कारण बेळगावात राहिल्यामुळे कानडी आली नाही, असा कारणाचा अर्थ आधी डोळ्यांपुढे येतो. लेखकाला मात्र राहत असूनही आली नाही, असे म्हणायचे आहे. ‘ऑल्दो लिव्हिंग इन बेळगाव फॉर ट्वेंटी इयर्स, ही नेव्हर लर्न्ड कन्नड’ असे म्हटले की गोंधळ मिटतो. विरोध दाखवायचा असेल, तर ‘ऑल्दो’ किंवा ‘दो’ सहसा गाळू नये, कारण अव्ययाशिवायचे ‘इंग’ विरोधाकडे क्वचितच झुकते. उलट कारण सांगायचे असेल तेव्हा अव्ययाशिवायची रचनाच वापरावी लागते: ‘फीलिंग टायर्ड, वी रेस्टेड ॲट राजहंसगड’.

काळाच्या बाबतीत निवड अधिक बारकाईने करावी लागते. ‘ईटिंग ब्रेकफास्ट, ही रेड द पेपर’ या वाक्यात न्याहारी आणि वाचन बरोबरीने चालले आहे. ‘व्हाइल’ घातले तरी अर्थ बदलत नाही, फक्त ठळक होतो. न्याहारी संपल्यावर वाचन सुरू झाले असेल, तर ‘आफ्टर ईटिंग’ किंवा ‘हॅविंग ईटन’ लिहावेच लागेल. ‘बिफोर’ तर कधीच गाळता येत नाही, कारण अव्ययाशिवायचे उपवाक्य नंतरची क्रिया म्हणून कोणी वाचत नाही. ‘बिफोर लीव्हिंग द हाउस, शी लॉक्ड द विंडोज’ मधले ‘बिफोर’ काढले, तर ती बाहेर पडता पडता खिडक्या लावते आहे असे वाटते. ‘आफ्टर हॅविंग ईटन’ असे दुहेरी लिहिण्याचा मोह होतो. ते अशुद्ध नाही, पण ‘आफ्टर’ आणि ‘हॅविंग’ एकच काम करतात, म्हणून त्यांपैकी एक काढून टाकावे.

‘व्हेन’ आणि ‘व्हाइल’ यांतला फरक मराठीच्या ‘ताना’मुळे पुसला जातो. ‘व्हाइल’ चालू राहणाऱ्या काळासाठी आहे आणि ‘व्हेन’ एखाद्या प्रसंगासाठी किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेळेसाठी आहे. म्हणून सूचनाफलकावर ‘व्हेन क्रॉसिंग द रेल्वे लाइन, लुक बोथ वेज’ असे लिहितात. आज्ञार्थी वाक्यात कर्ता लिहिलेला नसतो, पण तो ‘यू’ असल्याचे गृहीत धरले जाते, त्यामुळे नियम मोडत नाही. एखादी गोष्ट होताच दुसरी झाली, असे सांगायचे असेल, तर ‘ऑन’ हे शब्दयोगी अव्यय वापरावे: ‘ऑन हिअरिंग द न्यूज, शी रिटर्न्ड टू खानापूर’. साधन सांगायचे असेल, तर ‘बाय’, आणि ‘न करता’ म्हणायचे असेल, तर ‘विदाउट’ वापरावे. ‘न विचारता तो गेला’ याचे ‘नॉट आस्किंग, ही वेंट’ असे इंग्रजी अवघडलेले वाटते. ‘ही वेंट विदाउट आस्किंग’ हे सहज आहे. काही वैयाकरण ‘आफ्टर’, ‘बिफोर’ आणि ‘सिन्स’ यांनाही येथे शब्दयोगी मानतात आणि पुढच्या ‘इंग’ला नाम म्हणतात. परीक्षेत वर्गीकरण विचारले असेल, तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे उत्तर द्यावे. वाक्य लिहिणाऱ्याला त्या वादाने काही फरक पडत नाही.

‘सिन्स’बाबत विशेष सावध राहावे. पूर्ण वाक्यात ‘सिन्स’ काळही सांगते आणि कारणही, पण पार्टिसिपलच्या आधी आले की ते फक्त काळ सांगते आणि मुख्य वाक्य बहुधा ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ मागते: ‘सिन्स मूव्हिंग टू निपाणी, शी हॅज टॉट मॅथेमॅटिक्स’. ‘सिन्स फीलिंग इल, आय कुड नॉट अटेंड’ हे चुकीचे आहे. ‘बिकॉज’ तर पार्टिसिपलच्या आधी येतच नाही. ‘बिकॉज फीलिंग इल’ असे लिहिण्याऐवजी ‘बिकॉज आय वॉज इल’ असे पूर्ण वाक्य किंवा नुसते ‘फीलिंग इल’ लिहावे. ‘ॲज’चेही कारणाच्या अर्थाने तसेच आहे, ‘ॲज नोइंग’ होत नाही, पण ‘ॲज शोन इन द मॅप’, ‘ॲज मेन्शन्ड अबव्ह’ या ठरीव रचना बरोबर आहेत.

कर्मणी रूपासोबत येणारी अव्यये निराळी आहेत आणि ती कार्यालयीन इंग्रजीत फार लागतात. ‘व्हेन आस्क्ड, शो युवर आयडेंटिटी कार्ड’, ‘इफ सिलेक्टेड, आय शॅल जॉइन ॲट वन्स’, ‘अनलेस स्टेटेड अदरवाइज’, ‘वन्स ओपन्ड, द पॅकेट मस्ट बी केप्ट इन अ ड्राय प्लेस’, ‘डू नॉट राइट अनटिल टोल्ड टू डू सो’. या सगळ्यांत कर्ता आणि ‘इज’, ‘आर’ किंवा ‘ॲम’ गळालेले आहे. येथे ‘बीइंग’ घुसवू नये. ‘व्हेन बीइंग आस्क्ड’ लिहिण्याचे कारण नाही. मात्र ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ यांच्यानंतर नुसते तिसरे रूप चालत नाही. ‘आफ्टर फिनिश्ड द वर्क’ ही आपल्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसणारी चूक आहे. ‘आफ्टर फिनिशिंग द वर्क’ किंवा कर्मणी हवे असल्यास ‘आफ्टर बीइंग फिनिश्ड’ असे लिहावे. ‘वन्स’ला याच्या उलट तिसरे रूप आवडते आणि ‘इंग’ सहसा चालत नाही. ‘इफ नेसेसरी’ आणि ‘व्हेन यंग’ यांत तर पार्टिसिपलही उरत नाही, नुसते विशेषण उरते, तेही चालते.

उपवाक्याला स्वतःचा कर्ता द्यायचा असेल तर

दोन कर्ते वेगळे असूनही पार्टिसिपल हवेच असेल, तर उपवाक्यात त्याचा कर्ता लिहावा लागतो. ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट फॉर सौंदत्ती’ अशा रचनेला अव्यय लागत नाही आणि लावूही नये. ही रचना ग्रंथांतल्या भाषेची आहे. बोलताना किंवा साध्या पत्रात ‘व्हेन द रेन स्टॉप्ड’ हेच बरे दिसते. ‘विथ’ लावले की तीच रचना थोडी मोकळी होते: ‘विथ द एक्झाम्स कमिंग क्लोजर, द लायब्ररी स्टेज फुल’. वर ज्या ‘पाऊस पडून’च्या वाक्याला पार्टिसिपल नाकारले, त्याच आशयाला ही रचना वापरता येते, पण विद्यार्थ्याने ती शेवटी शिकावी, सुरुवातीला नाही.

जागा आणि स्वल्पविराम

उपवाक्य आधी आले की त्यानंतर स्वल्पविराम द्यावा. ते नंतर आले आणि मुख्य विधानाला भर घालत असेल, तर त्याच्या आधी स्वल्पविराम द्यावा. परिणाम सांगणारे उपवाक्य नेहमी शेवटी येते: ‘द कृष्णा रोज इन द नाइट, कटिंग ऑफ सेव्हरल व्हिलेजेस नियर चिक्कोडी’. येथे कर्त्याचा नियम थोडा सैल होतो, कारण संपर्क तोडणारी नदी आहे असेही म्हणता येते आणि नदी चढण्याची घटना आहे असेही. बातम्यांच्या इंग्रजीत ही रचना रोज दिसते आणि ती शिकण्यासारखी आहे. पावसाळ्यात आपल्या भागातले बुडणारे पूल, थांबणाऱ्या बसगाड्या, शाळांना मिळणारी सुटी यांवर अशी वाक्ये करून पाहावीत. कारण आणि परिणाम यांचा सराव त्यातून चांगला होतो.

‘आय सॉ हिम कमिंग आउट ऑफ द बँक’ या वाक्यात बँकेतून येणारा ‘हिम’ आहे, ‘आय’ नाही, कारण ‘सी’, ‘हिअर’, ‘फाइंड’ यांसारख्या क्रियापदांनंतरचे ‘इंग’ कर्माला चिकटते. येथे स्वल्पविराम देऊ नये. मीच बँकेतून येत होतो असे म्हणायचे असेल, तर उपवाक्य पुढे आणावे: ‘कमिंग आउट ऑफ द बँक, आय सॉ हिम’. तसेच ‘द पीपल लिव्हिंग इन खानापूर’ मधले ‘लिव्हिंग’ हे नामाचे विशेषण आहे. त्याला अव्यय कधीच लागत नाही आणि ‘कोणते लोक’ हे तेच सांगत असेल, तर स्वल्पविरामही लागत नाही.

पत्राच्या शेवटी आपण सवयीने ‘थँकिंग यू’ असे लिहितो, तेही पार्टिसिपल उपवाक्यच आहे. जुन्या पत्रांत त्याच्यापुढे ‘आय रिमेन, युवर्स फेथफुली’ असे मुख्य वाक्य येत असे. ते वाक्य गळाले आणि उपवाक्य एकटे उरले. आता ‘थँक यू’ असे सरळ लिहावे, हे बरे.

एक परिच्छेद बांधून पाहू

सरावासाठी पुढची सुटी वाक्ये घ्यावीत. ‘आय वॉज बॉर्न इन अ फार्मिंग फॅमिली नियर हुक्केरी. आय नो मराठी, कन्नड अँड हिंदी. आय कम्प्लिटेड माय डिग्री इन 2021. देन आय वर्क्ड इन अ को-ऑपरेटिव्ह सोसायटी. आय वर्क्ड देअर. आय लर्न्ड अकाउंटिंग. इफ आय ॲम सिलेक्टेड, आय कॅन जॉइन इमिजिएटली.’ अर्जातला हा मजकूर बरोबर आहे, पण त्यात पाच वेळा ‘आय’ने वाक्य सुरू होते.

प्रथम कर्ता तपासावा. सगळीकडे ‘आय’ आहे, म्हणून जोडणी निर्धोक आहे. जन्माचे विधान कर्मणी आहे, तेव्हा त्याचे तिसरे रूप होईल, आणि भाषा येणे स्थितिवाचक आहे, तेव्हा ‘नोइंग’ चालेल. पण ही दोन उपवाक्ये एकाच मुख्य वाक्याला लावली तर शेतकरी घरात जन्मल्यामुळे तीन भाषा येतात असा भलताच कार्यकारणभाव सुचतो. म्हणून जन्माचे वाक्य तसेच सुटे ठेवावे किंवा भाषांशी ‘अँड’ने जोडावे. पदवी आणि नोकरी यांत क्रम आहे, म्हणून ‘हॅविंग कम्प्लिटेड’ किंवा ‘आफ्टर कम्प्लिटिंग’ यांपैकी एक घ्यावे. अर्जात दुसरे अधिक साधे वाटते. नोकरी आणि हिशेब शिकणे एकाच काळातले आहे, आणि ‘वर्किंग देअर’ एवढेच लिहिले, तर कारण की काळ अशी शंका येते, म्हणून ‘व्हाइल’ ठेवावे. शेवटी ‘आय ॲम’ गाळून ‘इफ सिलेक्टेड’ करावे.

मजकूर असा होतो: ‘आय वॉज बॉर्न इन अ फार्मिंग फॅमिली नियर हुक्केरी अँड नो मराठी, कन्नड अँड हिंदी. आफ्टर कम्प्लिटिंग माय डिग्री इन 2021, आय वर्क्ड इन अ को-ऑपरेटिव्ह सोसायटी. व्हाइल वर्किंग देअर, आय लर्न्ड अकाउंटिंग. इफ सिलेक्टेड, आय कॅन जॉइन इमिजिएटली.’ लागोपाठची तीन वाक्ये उपवाक्यानेच सुरू होतात, हे अजूनही कानाला थोडे एकसुरी लागते. तेव्हा तिसरे वाक्य उलटे करून ‘आय लर्न्ड अकाउंटिंग व्हाइल वर्किंग देअर’ असे लिहावे, आणि तेथे स्वल्पविराम देऊ नये.